वजन, पाळी आणि रोजचे ताट

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला या वर्षीचा विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही किमान वेतनावर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, फार तर गिरणी संपाच्या आठवणी सांगू. आम्ही विषय कळवला तो स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या विकाराचा आणि त्यातील आहाराचा. चालकांनी पत्र दोनदा वाचले असावे, कारण "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" असे विचारण्यासाठी त्यांचा फोन आला. विषय लिहिताना चूक झाली नव्हती. चूक झाली होती ती त्याच्या आधी, आणि ती आमच्याच हातून झाली होती. ती कबूल करूनच सुरुवात करणे बरे.

आम्ही डॉक्टर नव्हे. १९८२ च्या संपात वडिलांचा पगार थांबला आणि त्याबरोबर आमची शाळाही सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि ज्यांना अधिक कळते त्यांना न लाजता विचारून. हा विषयही आम्ही असाच विचारून शिकलो आहोत.

कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात आमची एक सभासद काम करते. वय त्या वेळी सव्वीस. तिची पाळी चार-चार महिने येत नसे, आली की थांबत नसे. वर्षभरात नऊ किलो वजन वाढून ते बहात्तरावर गेले होते. हनुवटीवर केस येऊ लागल्याने ती कायम ओढणी तोंडावर घेऊन बसे. एका रुग्णालयात तिला दोनच शब्दांचा सल्ला मिळाला: "वजन उतरवा." कसे, ते कोणी सांगितले नाही. खाडे वाढल्यामुळे कारखान्याने नोटीस दिली, म्हणून ती आमच्याकडे आली. नोटिशीचे काम आम्ही निभावले. परंतु ती उठताना आम्ही वडीलकीच्या नात्याने म्हणालो, "पोरी, जरा खाणे आवर, म्हणजे सगळे आपोआप ठीक होईल."

पोरीने आमचे ऐकले. तिने दुपारचा डबा बंद केला. दिवसभर चहावर राहायचे आणि रात्री एकदाच जेवायचे, असा क्रम तिने धरला. तिसऱ्या आठवड्यात मशीनवरच तिला भोवळ आली आणि सुई बोटात गेली. अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला तो निराळाच. सहा आठवड्यांत तीन किलो उतरले आणि पुढच्या तीन महिन्यांत चार चढले. मग ती पुन्हा कचेरीत आली आणि म्हणाली, "काका, मी तुमचे ऐकले. आता आणखी किती कमी खाऊ?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना आम्हांला जे समजले, ते येथे मांडतो.

विकार कोणता?

इंग्रजी आद्याक्षरांवरून या विकाराला पीसीओएस म्हणतात. बोलण्यात पुष्कळ लोक पीसीओडी म्हणतात. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकात त्याला स्वतंत्र ओळख मिळाली. नावाचा अर्थ 'बीजांडकोशात पुष्कळ गाठी' असा होतो, आणि हे नावच निम्म्या भीतीचे मूळ आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत. ज्या इवल्या पिशव्यांत बीजांडे वाढतात, त्याच पिशव्या अर्धवट वाढून थांबलेल्या असतात.

निदानाचा नियम २००३ साली रॉटरडॅम येथील परिषदेत ठरला. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य (अंगावर किंवा चेहऱ्यावर केस येणे, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होणे, किंवा रक्ततपासणीत ते दिसणे) आणि सोनोग्राफीतील चित्र, या तिहींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. थायरॉइडसारखी दुसरी कारणे मात्र आधी वगळावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील साधारण दहा स्त्रियांमागे एकीला हा विकार असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. शंभर बायका काम करीत असतील अशा खात्यात हा दहाजणींचा प्रश्न झाला. इतक्या सभासदांचा प्रश्न युनियनचा नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

वजन का वाढते?

लोकांची समजूत अशी की, बाई खादाड म्हणून जाड झाली आणि जाड झाली म्हणून पाळी बिघडली. प्रत्यक्षात ही सरळ रेघ नसून एक चक्र आहे.

आपण भाकरी, भात किंवा साखर खाल्ली की तिची रक्तात साखर होते. ही साखर पेशींच्या आत जावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन नावाचे संप्रेरक सोडते. इन्सुलिन म्हणजे पेशीच्या दारावर हाक मारणारा माणूस, असे समजा. या विकारात पुष्कळ स्त्रियांच्या पेशी थोड्या बहिऱ्या होतात. एका हाकेला दार उघडत नाही, म्हणून स्वादुपिंड दहा माणसे हाक मारायला पाठवते. साखर आत जाते खरी, परंतु रक्तात इन्सुलिनचा गलबला माजतो. आणि बीजांडकोश काही बहिरा झालेला नसतो. त्याला तो चढलेला आवाज पुरता ऐकू येतो आणि त्या भरात तो पुरुषी संप्रेरके अधिक तयार करू लागतो. ज्या प्रथिनाने ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवायची, तेही यकृताकडून कमी तयार होते. परिणामी बीजांड वेळेवर पिकत नाही, पाळी लांबते, केस वाढतात. वाढलेल्या इन्सुलिनच्या अमलाखाली चरबी साठणे, विशेषतः पोटाभोवती, सोपे होते आणि पोटाभोवतीची चरबी पेशींना आणखी बहिरे करते. चक्र पुरे झाले.

विकाराचे मूळ पुष्कळ अंशी आनुवंशिक आहे. सडपातळ स्त्रियांनाही तो होतो. म्हणून वजनाला स्वभावदोष समजणे ही अडाणी समजूत होय, आणि आमच्या त्या दिवशीच्या उपदेशात हीच समजूत होती. परंतु यातच आशेचीही बाजू आहे. ज्याला चक्र म्हणतात ते कोठेही अडवले तरी मंदावते, आणि जेवणाचे ताट ही अशी जागा आहे की जेथे आपला हात पोचतो.

किती उतरले म्हणजे पुरे?

पूर्वीच्या वजनाच्या शेकडा पाच ते दहा इतके वजन उतरले, तरी पुष्कळजणींत पाळी सुधारते, इन्सुलिनचा गलबला कमी होतो आणि मधुमेहाचा धोका घटतो. आमच्या सभासदाचे वजन बहात्तर. तिचे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोंच्या आसपास. पंचवीस किलो उतरवून चित्रातल्या नटीसारखे दिसावे, ही मागणी शरीराची नाही, बाजाराची आहे. आम्ही मागण्यांची यादी करणारे लोक. अवास्तव मागणीने लढा बुडतो आणि पदरात पडणारी वाढही जाते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. वजनाबरोबर कंबरही मोजावी. आशियाई स्त्रियांसाठी कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात.

आणि उपासमार? आम्ही आयुष्यात उपोषणे पुष्कळ केली. उपोषणाचा उपयोग मालकावर होतो, कारण त्याला जनलज्जा असते. शरीराला ती नसते. एकाएकी अन्न तोडले की शरीर खर्च कमी करते, भूक वाढवते आणि चरबीबरोबर स्नायूही जाळते. मग रात्री हात आवरत नाही, आणि त्याला आपण मनाचा दुबळेपणा म्हणतो. ताट हळूहळू बदलले तर वजन सावकाश उतरते, परंतु उतरलेले टिकण्याचा संभव वाढतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या विकारावर अमुकच एक आहार सर्वांत श्रेष्ठ, असे सिद्ध झालेले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: जो समतोल आहार तुम्हांला परवडतो, आवडतो आणि वर्षानुवर्षे पाळता येतो, तोच चांगला. म्हणून महाग भुकट्या, परदेशी बिया आणि एकवीस दिवसांचे चमत्कार यांच्या जाहिराती वाचून खिसा रिकामा करू नये.

ताटाचा हिशेब

पहिला हिशेब चहाचा. कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. दिवसाला चार कप म्हणजे चाळीस ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी मिळावे, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होतात. म्हणजे बिस्किटाला हात लावण्यापूर्वीच नुसत्या चहाने मर्यादा गाठत आणली. साखर दोन चमच्यांवरून दीडवर, पंधरा दिवसांनी एकवर, मग अर्ध्यावर आणावी. जीभ कुरकुर करते, परंतु तिची सवय बदलते. गूळ घातला म्हणजे साखर टळली, असे मात्र समजू नये. इन्सुलिनच्या दृष्टीने दोघे सख्खे भाऊ.

दुसरा हिशेब प्रथिनांचा. पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. आता आपल्या घरांतील रीत पाहा. बाई सर्वांत शेवटी जेवते. आमटीतली डाळ आधीच्या पंगतीने नेलेली असते आणि तिच्या वाट्याला वरचे पाणी, भाताची खरवड आणि "वाया जाऊ नये" म्हणून उरलेली दीड पोळी येते. पोट भरते, परंतु ते पिठानेच. हे ताट या विकाराला पोषक आणि बाईला अपुरे आहे. एक वाटी मटकीच्या, मुगाच्या किंवा हरभऱ्याच्या उसळीत सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सहा, एका भाकरीत चार-पाच. म्हणून दोन्ही वेळच्या जेवणात एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ बाईसाठी आधी बाजूला काढून ठेवावी. चालत असेल त्यांनी अंडी, बांगडा, मांदेली खावी. दही आणि ताक आहेच. प्रथिनांनी भूक अधिक वेळ भागते, आणि चार वाजताच्या वड्याची ओढ कमी होते.

तिसरा हिशेब ताटाच्या वाटणीचा. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर. मेथी, शेपू, चाकवत, दुधी, पडवळ, कोबी, काकडी, मुळा, जे मोसमात स्वस्त असेल ते. पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे. उरलेले पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. बटाटा भाजीत धरू नये, भाताच्या बाजूला धरावा. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत कोंडा असल्याने मैद्याच्या पावापेक्षा त्या केव्हाही चांगल्या. परंतु भाकरी म्हणजे औषध नव्हे. चार भाकऱ्या आणि चमचाभर ठेचा हे ताट पोळीच्या ताटाइतकेच एकांगी आहे. तेलाचा डाव हाताने न ओतता चमच्याने मोजावा. चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलात पंचेचाळीसच्या आसपास उष्मांक असतात.

पोह्यांवर पुष्कळ लोक रागावतात. पोहे बंद करण्याचे कारण नाही. पोहे निम्मे घ्यावेत आणि त्यांत मोड आलेली मटकी, वाटाणा, कांदा आणि मूठभर शेंगदाणे भरपूर दिसू द्यावेत. सकाळी काहीच न खाता कामावर जाऊन दहा वाजता चहा-खारी खाण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

उपवासाचेही पाहिले पाहिजे. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण आपणच केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप आणि बटाटा मिळाला की उपवास देवाला पोचतो आणि साखर रक्तात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी उपवास जरूर करावा. राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडी, शेंगदाणे आणि एखादे फळ यांवर तो चांगला निभावतो.

आहाराबरोबर हालचाल हवी. आठवड्यात निदान दीडशे मिनिटे घाम येईल असे चालावे आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा. दिवसभर मशीनवर बसून येणारा थकवा खरा असतो, परंतु त्याने व्यायामाची भरपाई होत नाही.

हे एकटीचे काम नव्हे

इतके सगळे समजल्यावर आम्ही त्या सभासदाला बोलावले आणि आधी तिची माफी मागितली. तिने सर्व ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली: "काका, हे करायला वेळ आणि जागा कुठे आहे?" तिचे म्हणणे खरे होते. कारखान्याच्या उपाहारगृहात चहा पिंपातच साखर घालून येत असे. खायला वडापाव, समोसा आणि बिस्किटे. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, परंतु हात धुवायच्या नळावर दहा मिनिटे रांग. घरी पहाटे पाच माणसांचे डबे, त्यांत तिचा शेवटचा.

१९४८ च्या कारखाने कायद्यात असे होते की, निदान अर्ध्या तासाच्या विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची सक्ती सरकारला करता येत असे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत उपाहारगृहासाठी ही संख्या शंभरावर आणली आहे. परंतु उपाहारगृहात काय शिजावे हे कामगारांनी सांगितल्याशिवाय बदलत नाही. आमच्या मागणीपत्रात वेतनवाढीच्या खाली तीन ओळी नव्याने आल्या: चहा बिनसाखरेचा आणि साखर बाजूला, रोज एक उसळ आणि उकडलेली अंडी, नळ आणखी चार. व्यवस्थापक आधी हसले. आमच्यापैकीही काही पुरुष सभासद हसले. मग आम्ही खात्यांतून फिरून बायकांशी बोललो, तेव्हा ज्यांनी आजवर पाळीचा शब्द उच्चारला नव्हता त्याही पुढे आल्या. त्या मागण्या मान्य होण्यास मालकाचा पैसा थोडाच लागला. बैठका मात्र चार लागल्या.

घरातली बैठक त्याहून अवघड होती. ती त्या मुलीने स्वतः घेतली. आता तिचा नवरा सकाळी कोशिंबीर चिरतो आणि उसळ आधी तिच्या डब्यात भरली जाते. सासूबाईंनी पहिला आठवडा तोंड फिरवले. नंतर त्यांनाही मधुमेह असल्याने तेच जेवण त्यांच्याही पथ्याचे निघाले आणि वाद मिटला.

दहा महिन्यांत तिचे वजन पाच किलोंनी उतरले. पाळी आता साधारण चाळीस दिवसांनी येते. हनुवटीवरचे केस आहेत तसेच आहेत. एका उदाहरणावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तिला विकारातून मुक्ती मिळाली असेही आम्ही म्हणत नाही. हा विकार मुळातून जात नाही, तो ताब्यात ठेवावा लागतो.

डॉक्टर केव्हा?

आहार म्हणजे डॉक्टरला पर्याय नव्हे. तीन महिने पाळी आली नाही तर वाट पाहू नये. गर्भाशयाचे अस्तर साचत राहणे पुढे धोक्याचे ठरते, आणि त्यावर साधी औषधे आहेत. रक्तातील साखर व रक्तदाब वेळोवेळी तपासावा. काहींना मेटफॉर्मिनसारखे औषध लागते. ते घेणे हा आहाराचा पराभव नव्हे. मूल हवे असेल किंवा दिवस राहिले असतील तर वजनाचे बेत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. आणि मन सतत खिन्न राहत असेल, किंवा कधी उपाशी राहणे तर कधी अनावर खाणे असे होत असेल, तर तेही न लाजता सांगावे. या विकारात तसे अधिक आढळते. डॉक्टरमंडळींनाही आमची एक विनंती आहे. "वजन उतरवा" या दोन शब्दांपुढे आणखी पाच मिनिटे द्यावीत.

आम्ही हे सर्व पुरुषांसमोर मुद्दाम बोललो. स्त्रियांना आपले दुखणे ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते हे की, ते दुखणे आहे, दोष नव्हे. ते त्यांना पटावे असे वाटत असेल, तर त्यांच्या जाडीवरचे विनोद आधी बंद झाले पाहिजेत, आणि ते करणारे बहुतेक आपणच आहोत. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच पाहावे की, आपल्या घरातली बाई शेवटी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात डाळ उरलेली असते, की नुसते पाणी. पाणीच उरत असेल, तर व्याख्यानाचे पुढचे काम आपल्याच स्वयंपाकघरात आहे.